थंड भट्टी, तापमान सात हजार

माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली की पंच बसतात. यंत्रं बोलेनाशी झाली की आमच्या बेळगाव-निपाणी पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी मला बोलावतात. पंचांना निदान खुर्ची मिळते. मला मशीनच्या मागच्या बाजूला, जिथं झाडू कधी पोचलेला नसतो, तिथं उकिडवं बसावं लागतं. चहा मिळतो, पण तो मशीनच्या डोक्यावर ठेवलेला असतो आणि त्यात बहुधा लोखंडाचा कीस पडलेला असतो. अशा चहावर माझी उमर गेली आणि तब्येत अजून ठणठणीत आहे.

यंत्राच्या पोटात एक छोटा संगणक बसवलेला असतो. शिकलेले लोक त्याला एम्बेडेड सिस्टिम म्हणतात, गिऱ्हाईक त्याला नुसतं ‘कार्ड’ म्हणतं, आणि आता मलाही तेच बरं वाटतं. वजनकाट्यात कार्ड, भट्टीत कार्ड, दूध तपासायच्या मशीनमध्ये कार्ड. या कार्डाला जे कळतं ते त्यानं बाहेरच्या कम्प्युटरला सांगायचं असतं, आणि ते सांगायची वाट म्हणजे सिरियल पोर्ट. एका तारेनं बोलायचं, दुसरीनं ऐकायचं आणि तिसरीनं दोघांची जमीन, म्हणजे ग्राउंड, एक ठेवायची. यूएसबी आलं, वायफाय आलं, तरी कारखान्यांत हा म्हातारा अजून राबतोय. माझ्यासारखाच.

‘तिसरी तार कशाला?’ असं म्हणून ती कापून टाकणारे इलेक्ट्रिशियन मी कंग्राळीपासून निपाणीपर्यंत पाहिलेत. एकानं तर मलाच शिकवलं, “अण्णा, दोन तारंवर बल्ब लागतोय की. ह्यालाच तीन कशाला?” मी त्याला म्हटलं, “बल्ब कुणाशी बोलत न्हाय रं बाबा.” त्याला ते पटलं नाही. तिसरी तार जोडल्यावर मशीन चालू झालं, तरी ‘लाइट आली म्हणून चाललं’ हेच त्याचं मत कायम राहिलं.

एवढ्या वर्षांत मी माझ्यापुरता एक नियम केला आहे. आधी तार बघायची, मग वेग बघायचा, मग बोली बघायची. दहातली बहुतेक दुखणी तारेत निघतात. राहिलेली वेगात, म्हणजे एक जण भराभर बोलतोय आणि दुसरा सावकाश ऐकतोय. आणि थोडी, फार थोडी, बोलीत निघतात. पण जी बोलीत निघतात, ती घाम काढतात. मी इथं सांगणार आहे ती त्यातलीच दोन.

पहिलं निपाणीतल्या एका तंबाखूच्या वखारीतलं. मालकांना सगळे आप्पा म्हणत. वखारीतला काटा जुना झाला म्हणून आप्पांनी नवं कार्ड बसवून घेतलं आणि काटा कम्प्युटरला जोडला. पोतं काट्यावर ठेवायचं, कम्प्युटर ‘किती?’ असं विचारणार, काटा वजन सांगणार. सगळं झकास चाललं होतं. पण मधूनच एखाद्या पोत्याला कम्प्युटर गप्प व्हायचा. बंद करून परत चालू केला की पुढच्या पोत्यांना ठीक, आणि तेच पोतं परत ठेवलं की परत गप्प.

मी गेलो तेव्हा काट्याला लिंबू-मिरची टांगलेली होती आणि कोपऱ्यात पोत्यांचा एक वेगळा ढीग होता.

“ही काय भानगड आप्पा?”

“ती बाधलेली पोती हाईत,” आप्पा हळू आवाजात म्हणाले. “काट्यावर ठिवली की मशीन मरतंय. मी ती विकणार न्हाय. गिऱ्हाइकाला बाधा करायची म्हंजे पाप हाय.”

आप्पा सज्जन माणूस, त्यामुळे मला हसणं कठीण गेलं. मी तार तपासली, ठीक. वेग तपासला, ठीक. मग ती बाधलेली पोती एकेक करून दुसऱ्या साध्या काट्यावर ठेवायला लावली. जवळजवळ प्रत्येक पोतं साडेसत्तावीस किलोचं भरलं. घोडं कुठं पेंड खातंय ते तिथंच कळलं.

बाहेरच्या वाचकासाठी हे जरा उलगडून सांगतो, कारण पुढची गोष्ट यावरच उभी आहे. हा काटा शंभर-शंभर ग्रॅमनी मोजायचा. म्हणजे साडेसत्तावीस किलो म्हणजे त्याच्या लेखी दोनशे पंच्याहत्तर. आता यंत्र बोलतं ते एकेका बाईटनं, आणि एका बाईटमध्ये जास्तीत जास्त दोनशे पंचावन्न मावतात. त्याहून मोठा आकडा असला की यंत्र त्याचे दोन भाग करतं: दोनशे छप्पनचे गठ्ठे किती, आणि वरचे सुटे किती. दोनशे पंच्याहत्तर म्हणजे एक गठ्ठा आणि सुटे एकोणीस. आणि हा एकोणीस आमच्या सिरियल पोर्टच्या जुन्या रिवाजात ‘थांब’ या अर्थी वापरतात. आप्पांच्या कम्प्युटरमध्ये तो रिवाज पाळायची खूण चालू राहिली होती. काटा बिचारा वजन सांगत होता, आणि कम्प्युटरला वाटत होतं, आपल्याला गप्प बसायला सांगितलंय. म्हणून तो पुढचं ‘किती?’ विचारायचाच नाही. विचारलं नाही म्हणून काटाही बोलायचा नाही. दोघंही सभ्य, आणि काम ठप्प.

एक खूण काढली, आणि बाधा उतरली. आप्पांनी स्वतः साडेसत्तावीसचं पोतं काट्यावर ठेवून पाहिलं आणि बराच वेळ डोकं खाजवलं.

“मग आता लिंबू काढू का ठिऊ?”

“ठेवा की. लिंबानं पोर्ट बिघडत न्हाय.”

ते लिंबू नंतरही तिथं होतं, दर शनिवारी ताजं.

दुसरी गोष्ट बेळगावजवळच्या मच्छेची, आणि ही अजून माझ्या मनातून गेलेली नाही. ती सांगण्याआधी गठ्ठ्या-सुट्यांचं एक राहिलंय. दोन बाईट पाठवायचे तर आधी कुठला पाठवायचा? यात यंत्रांची दोन घराणी आहेत. एक घराणं आधी गठ्ठे सांगतं, मग सुटे. दुसरं आधी सुटे सांगतं, मग गठ्ठे. आमच्या भागात हे समजवायला फळा लागत नाही. मराठीत आपण पंचवीस म्हणतो, म्हणजे आधी पाच आणि मग वीस. कन्नडमध्ये इप्पत्तैदु म्हणतात, म्हणजे आधी वीस आणि मग पाच. बेळगावच्या बाजारात दोन्ही पद्धतीनं हिशोब चालतो आणि कुणाचं काही अडत नाही, कारण माणसाला डोकं असतं. यंत्राला नसतं. एका घराण्याचं बोलणं दुसऱ्यानं आपल्या पद्धतीनं ऐकलं की सुट्यांचे गठ्ठे होतात आणि गठ्ठ्यांचे सुटे.

सुमन आक्का कंग्राळीची. मच्छेच्या औद्योगिक वसाहतीत हीट ट्रीटमेंटच्या एका शेडमध्ये ती सुपरवायझर होती. म्हाताऱ्या मालकांनी शेड बंद करायचं ठरवलं, तेव्हा आक्का आणि तिथलीच सहा माणसं अशा सात जणांनी मिळून ती भट्टी चालवायला घेतली. वयानं ती माझ्याहून बरीच लहान, पण तिथं सगळेच तिला आक्का म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. हीट ट्रीटमेंट म्हणजे काय, तर पोलादाचे भाग ठरलेल्या तापमानाला ठरलेला वेळ भाजायचे आणि तेलात टाकायचे. म्हणजे ते कडक होतात. कमी भाजलं तर मऊ राहतात, जास्त भाजलं तर ठिसूळ. भाकरीचंही तसंच असतं, फक्त भाकरी ट्रॅक्टरला लावत नाहीत.

या शेडला मोठं गिऱ्हाईक एकच, पुण्याची एक कंपनी. ट्रॅक्टरच्या पिना भाजून द्यायच्या. कंपनीला नुसता कडक माल चालत नाही. भाजताना भट्टी पहिल्यापासून शेवटपर्यंत किती तापली होती, त्याचा कम्प्युटरनं काढलेला आलेखही लागतो. आलेखाची रेघ मध्येच तुटली किंवा उडाली, तर पोलाद कितीही चांगलं असो, लॉट नापास.

भट्टीचं जुनं कार्ड जळालं. त्यातली चिप आता कुणी बनवत नाही. मी नव्या चिपवर नवं कार्ड बनवून दिलं. पण कार्ड बदललं म्हणजे कंपनीचा माणूस येऊन, समोर उभा राहून, एक लॉट भाजून घेणार. तो पास झाला तर पुढचं काम चालू. नापास झाला तर पिना पुण्यातच दुसऱ्या शेडला जाणार आणि मच्छेची ही भट्टी गार होणार. आक्कानं मला हे एकदाच सांगितलं आणि परत कधी काढलं नाही. सात घरं त्या एका रेघेवर उभी होती.

कार्ड बसवलं. भट्टी अजून पेटवलीही नव्हती. कम्प्युटरवर आकडा आला: ७४२४.

परशराम म्हणून तिथला भट्टीवाला आहे. त्यानं भट्टीत डोकावून बघितलं. “अण्णा, सूर्य उगवलाय आत. हात शेकू काय?”

मी मोठ्यानं हसलो. सूर्याच्या पाठीवरसुद्धा एवढी ऊब नसेल.

“हसताय काय अण्णा?” आक्का म्हणाली. “आधी आकडा खाली आणा की.”

तिला कसं सांगणार, की आकडा इतका नेमका चुकला की माझ्या धंद्यात आनंद होतो? आकडा वेडावाकडा नाचला तर भीती वाटते, कारण तेव्हा तार, जमीन, विजेचा त्रास, काहीही असू शकतं. पण ७४२४ म्हणजे बरोबर एकोणतीस गुणिले दोनशे छप्पन. शेडमधली हवा एकोणतीस अंश होती. म्हणजे कार्ड सांगत होतं, ‘सुटे एकोणतीस, गठ्ठा नाही’, आणि कम्प्युटर ऐकत होता, ‘गठ्ठे एकोणतीस, सुटे नाहीत’. जुनी चिप गठ्ठेवाल्या घराण्यातली होती, नवी सुटेवाल्या. मी कार्डातला क्रम उलटा केला. आकडा आला २९. चहा प्यालो, कीस थुंकला, आणि अनगोळला घरी येऊन पंख्याखाली आडवा झालो. असल्या दिवशी मी स्वतःवर फार खूश असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्काचा फोन. “अण्णा, परत सात हजार दावायलंय.”

गेलो. कार्डात मी टाकलेला बदल जागेवर होता. परत टाकला, तरी सात हजार. मग बदल काढून टाकला, तर आकडा २९! काल उलटं करून बरोबर येत होतं, आज सरळ करून बरोबर येतंय. हे मला मुळीच आवडलं नाही. पण आकडा बरोबर होता, आक्काचा चेहरा उजळला होता, आणि बरोबर आलेल्या आकड्याशी भांडायची हिंमत कुणाला असते? मी तसाच परत आलो.

त्या दिवसाअखेर आकडा परत सात हजारांवर गेला.

आता मात्र माझाच माझ्यावरचा भरवसा हलला. पुण्याचे साहेब यायला फार अवकाश उरला नव्हता. मी तार बदलली. जमीन तपासली. मधला जोड बदलला. वेग कमी करून पाहिला. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असा माझा कारभार चालला होता. आक्का शेजारी उभी राहून टॉर्च धरत होती. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

बारीकसारीक कामासाठी परशरामनं भट्टी पेटवली होती. तो सहज म्हणाला, “अण्णा, मगाशी मधीच एकदा भट्टीवरच्या मीटरासारखंच बरोबर दावलं हं. तापवायला लागलो तवा.”

“किती होतं तेव्हा?”

“सातशे एकाहत्तर. त्याच्या आधी पाचशे पंधरा आलतं, आणि लगेच फुडं एक हजार सत्तावीस. उडी मारतंय ते.”

मी हातातली तार खाली ठेवली. सातशे एकाहत्तर म्हणजे तीन गठ्ठे आणि सुटेही तीन. तिथं उलटं काय आणि सरळ काय, आकडा एकच. एक अंश खाली आलं की तीन गठ्ठे दोन सुटे, ते उलटं वाचलं की पाचशे पंधरा. एक अंश वर गेलं की एक हजार सत्तावीस. तार निर्दोष होती. जोड निर्दोष होता. बोलीच उलटली होती, आणि ती मी उलटवली नव्हती. म्हणजे तारेच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी होतं.

दुसऱ्या टोकाला होता बसवराज. आलेख काढायचा प्रोग्राम त्यानं लिहिलेला. तो राहतो धारवाडला, आणि इंटरनेटवरून तिथूनच या कम्प्युटरमध्ये शिरू शकतो. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. आमची ओळख आक्कामार्फत नमस्कार-चमत्काराची.

मी फोन लावला. तो कन्नड घरातला, म्हणून मी माझ्या मोडक्या कन्नडमध्ये विचारलं, “बसवराज, नीव एनर मुट्टीरेन्री?” म्हणजे तुम्ही कशाला हात लावलात का.

तो मराठीत म्हणाला, “थोडासा लावला सर. आक्कांनी पहिल्या दिवशी सांगितलं, आकडा चुकतोय म्हणून. तुमाला कशाला तरास, म्हणून मीच रात्रीत इकडं उलटा केला.”

“आणि मग?”

“मग दुसऱ्या दिवशी परत चुकला म्हणाल्या. मग मला वाटलं माझंच चुकलं. मी परत सरळ केला.”

मी आक्काकडं पाहिलं. तिनं टॉर्च बंद केली.

“मला का सांगितलं नाहीस, की त्यालाही फोन केलास?”

“कसं सांगू अण्णा? तुमच्यावर भरवसा न्हाय असं वाटलं असतं की तुमाला. आणि ते बी म्हणालते, सरांना सांगू नका, वाईट वाटंल.”

म्हणजे झालं होतं असं. मी उलटं केलं, त्यानंही उलटं केलं. मी सरळ केलं, त्यानंही सरळ केलं. दोघांनी एकमेकांना वाट करून द्यायची म्हणून एकाच बाजूला सरकायचं, आणि परत एकमेकांवर आपटायचं.

ही चूक दुसरीकडं कुठं झाली असती असं मला वाटत नाही. आमच्याकडं समोरच्याला ‘तुझ्या बाजूला चुकलंय’ असं म्हणायची पद्धतच नाही. आपणच जरा वळायचं. मच्छेच्या टपरीवर मी कन्नडमध्ये चहा मागतो, कारण टपरीवाला कन्नड. तो मला मराठीत ‘साखर कमी का?’ विचारतो, कारण मी मराठी. शेवटपर्यंत मी त्याच्या भाषेत, तो माझ्या भाषेत. बाहेरच्याला वाटेल दोघं वेडे आहेत. पुढारी काहीही म्हणोत, आमचं असं पिढ्यान्‌पिढ्या चाललंय, आणि मला त्याचा अभिमान आहे. चहाच्या टपरीवर यात कुणाचं बिघडत नाही. पण तारेच्या दोन टोकांना हीच माणुसकी दाखवली की थंड भट्टी सात हजारांवर जाते.

मग फोनवर दुसरा अंक सुरू झाला. तो म्हणाला, “तुमी राहू द्या सर, मीच बदलतो.” मी कन्नडमध्ये म्हणालो, छे छे, मी बदलतो. तो म्हणाला, “नको सर, तुमी वडीलधारे.” हे आणखी चाललं असतं, पण आक्कानं टॉर्च माझ्या गुडघ्यावर आपटली.

तेव्हा मी ठरवलं ते असं. तारेवरची जुनी रीत मोडायची नाही. इतकी वर्षं तारेवर आधी गठ्ठे जात होते, पुढंही तेच जातील. नवं कार्ड नंतर आलंय, तर त्यानं आपल्या दारात वळायचं आणि मगच तारेवर पाऊल टाकायचं. म्हणजे बदल माझ्याकडं. बसवराजनं आपला प्रोग्राम होता तसा ठेवायचा. आकडा आला २९.

इथं एक रुखरुख लिहून टाकतो. दुसऱ्याचं चुकलंय हे दिसूनही न बोलता आपल्या बाजूनं जुळवून घेणं, हे मी या एकाच शेडमध्ये केलेलं नाही. या पट्ट्यातल्या कितीतरी मशीनच्या पोटात माझी असली मुकी जुळवाजुळव बसलेली आहे. उद्या एखादा हुशार पोरगा येऊन मूळ चूक दुरुस्त करेल, आणि त्याचं मशीन बिघडेल, आणि त्याला कधीच कळणार नाही की का. त्या पोरांची मला आताच कीव येते.

पुण्याचे साहेब आले. सभ्य माणूस, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मोजकं. पिना भट्टीत गेल्या, दार लागलं, आलेखाची रेघ चढायला लागली. चारशे, पाचशे, सहाशे. आक्का पडद्याच्या डाव्या बाजूला उभी, साहेब उजव्या बाजूला, मी मागं. साडेसहाशेला रेघ आडवी झाली. ती व्हायचीच असते. पिनांच्या आतपर्यंत ऊब पोचावी म्हणून तिथं भट्टी ठरवून थांबवतात.

माझा फोन वाजला. बसवराज.

“सर, मी इकडनं बघतोय. रीडिंग अडकलंय सर. साडेसहाशेच्या पुढं जातच नाही.” तो घाईघाईनं बोलत होता. “तुमी काळजी करू नका. मी इकडं एकदा उलटा करून बघतो. बटणावर बोट ठेवलंय.”

त्यानं बोट दाबलं असतं तर रेघ त्या क्षणी कागदाबाहेर गेली असती. पोलाद चांगलंच राहिलं असतं. आणि लॉट नापास.

मला कन्नडमधला एक शब्द आठवेना. जे तोंडातून बाहेर पडलं ते अनगोळच्या मराठीत पडलं, आणि एवढ्या मोठ्यानं की परशरामच्या हातातली सळई खाली पडली.

“बसवराज, बोट काढ! कशालाच हात लावायचा न्हाय! माझं बरोबर हाय, तुझं बी बरोबर हाय. गप बस तिकडं!”

साहेबांनी मान वळवली. आक्कानं डोळे मिटले. मी आयुष्यात कधी न पाहिलेल्या माणसाला एकेरीवर येऊन झापलं होतं, आणि तेही माझ्या मदतीला धावलेल्या माणसाला. मला स्वतःचीच लाज वाटली.

मग तो बोलला, आणि पहिल्यांदाच माझ्याशी त्याच्या स्वतःच्या भाषेत बोलला. “आयत्री सर. मुट्टंगिल्ल.”

बरं सर. हात लावत नाही.

रेघ पुन्हा चढायला लागली. सातशे गेले. सातशे सत्तर, एकाहत्तर, बाहत्तर. परशराम माझ्याकडं बघून हळूच हसला. आठशे पन्नासला रेघ आडवी झाली आणि आडवीच राहिली, कुणी फूटपट्टी ठेवून ओढावी तशी. वेळ भरल्यावर दार उघडलं, पिना तेलात गेल्या, शेडभर धूर झाला. गार झाल्यावर साहेबांनी आपल्या हातानं चार-पाच पिना उचलल्या, त्यांचा कडकपणा तपासला, आलेख दोनदा नीट पाहिला.

“ठीक आहे,” ते म्हणाले. “पुढचा माल पाठवायला सांगतो.”

आक्का म्हणाली, “बरं साहेब.” त्यांना गाडीपर्यंत सोडून आली. कशी चालत होती ते मी बघत होतो, सरळ आणि शांत. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तशी ती शेडमधल्या रिकाम्या लोखंडी ट्रेवर मटकन बसली.

“अण्णा, भूक लागली हो मला.”

“सकाळी काही खाल्लं नाहीस?”

“सकाळचं काय घिऊन बसलाय. परवापासनं घास उतरत नव्हता.”

परशरामनं आपला डबा उघडून तिच्या मांडीवर ठेवला. भाकरी होती, वांग्याची भाजी होती. ती जेवायला लागली, आणि आम्ही सगळे बाप्ये भोवती उभे राहून एक बाई जेवते ते बघत राहिलो. एकदोघांचे डोळे भरले होते, त्यात माझेही होते. धूर होता, असं आम्ही नंतर एकमेकांना सांगितलं.

आक्कानं अर्धी भाकरी संपवली, मान वर केली, आणि उघड्या भट्टीकडं तिचं लक्ष गेलं.

“बघताय काय रं माझ्या तोंडाकडं?” ती तोंडातल्या घासासकट ओरडली. “दार लावा की! गार करायची हाय काय भट्टी?”